म्हसवडची माणदेशी वाहिनी आणि आपले गंगापूर

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याने गोंदवले मागे टाकून पूर्वेकडे निघालेल्या प्रवाशास माणगंगेच्या काठी म्हसवड हा जुना कसबा लागतो. त्याआधी कितीतरी मैल डोळ्यांपुढून सरकत जाणारा तो उघडा, खडकाळ, खुरट्या बाभळींचा मुलूख पाहून येथे माणसे कशाच्या आधारावर राहिली असतील, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहतो. सिद्धनाथाचे पुरातन मंदिर, मार्गशीर्षातील त्याची रथयात्रा, मेंढ्यांचे कळप आणि घोंगड्यांचा व्यापार ही या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. जवळच असलेला राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव १८७६च्या महादुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला होता, आणि आजही पाण्याहून दुष्काळाचीच आठवण तो अधिक करून देतो. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली ‘माणदेशी माणसं’ लिहून या मुलखातील माणसांस मराठी वाङ्मयात कायमचे स्थान मिळवून दिले. परंतु तेथे त्या माणसांविषयी एक समर्थ लेखक बोलत होता. ती माणसे स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत आणि एकाच वेळी साऱ्या पंचक्रोशीस ऐकू जाईल अशा रीतीने बोलू लागली ती २००८ साली, म्हसवडात ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र ९०.४ मेगाहर्ट्‌झवर सुरू झाले तेव्हा.

हे केंद्र एकाएकी उगवलेले नाही. मुंबईत वाढलेल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून सार्वजनिक कार्यात आलेल्या चेतना गाला सिन्हा विवाहानंतर म्हसवडास स्थायिक झाल्या, आणि तेथील कष्टकरी स्त्रियांस बचतीचे खाते उघडून देण्यास कोणतीही पेढी राजी नाही हे पाहून त्यांनी स्त्रियांचीच सहकारी बँक काढण्याचे ठरविले. संस्थापक सभासदांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नाही, या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला. तेव्हा त्या स्त्रियांनी रात्रीच्या वर्गांत अक्षरे गिरविली, पुन्हा मुंबई गाठली आणि अधिकाऱ्यांस सांगितले, की व्याजाचा हिशेब आम्हांस तोंडी करता येतो, तो घालून पाहा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला. नभोवाणी केंद्र उभे राहिले ते या संस्थेच्या कुटुंबात, आणि ज्या स्त्रियांनी आपल्या अल्प बचतीतून बँक उभारली होती त्यांच्यासाठी. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण प्रक्षेपकयंत्र पैसा टाकून विकत आणता येते. त्याच्यासमोर बसून बोलण्यास लागणारा परस्परविश्वास मात्र त्या गावात आधीच मुरलेला असावा लागतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी संस्थेने म्हसवडात जनावरांची छावणी उघडली आणि ती सुमारे दीड वर्ष चालविली. सहस्रावधी जनावरे आणि त्यांच्यासोबत त्यांचे धनी माळावर येऊन राहिले. केराबाई नावाच्या एका शेतकरी स्त्रीने जनावरांच्या चारापाण्यासाठी आपले दागिने गहाण टाकले होते; ती याच छावणीत आली, आणि पुढे नभोवाणी केंद्रात जाऊन, मला येथे बोलता येईल काय, असे तिने विचारले. शाळेशी फारसा संबंध न आलेली ही ओव्या गाणारी बाई वाहिनीची निवेदिका झाली, तिने छावणीतील माणसांच्या हकीकती गोळा केल्या, त्या ऐकविल्या आणि पाणी जिरविण्याविषयी लोकांशी बोलू लागली. चेतना सिन्हा यांनी परदेशांतील व्यासपीठांवरूनही ही हकीकत सांगितली आहे. कोणत्याही निवडमंडळाने जिला निवेदिकेची जागा दिली नसती, तिच्याच शब्दास छावणीत सर्वांत अधिक वजन होते, ही गोष्ट माझ्या मते सामुदायिक नभोवाणीचे सारे मर्म सांगून जाते.

अशा सामुदायिक वाहिन्यांस कायद्याचा आधार मिळाला तो एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून झालेल्या तंट्यातून. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला, आणि तो देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले पी. बी. सावंत हे होते, याचा मराठी वाचकास अभिमान वाटावा. तथापि न्यायालयाचा शब्द सरकारी दफ्तरातून खेड्यापर्यंत पोहोचण्यास अकरा वर्षे लागली. प्रथम शिक्षणसंस्थांस मुभा मिळाली; नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांस ती मिळाली नोव्हेंबर २००६ मध्ये. आपल्या मराठवाड्याप्रमाणेच एके काळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या, तेलंगणातील जहिराबाद भागातील पस्तापूर-माचनूर येथील दलित शेतकरी स्त्रियांनी तर परवान्याची वाटही पाहिली नाही. युनेस्कोच्या साहाय्याने १९९८-९९ च्या सुमारास त्यांचे ध्वनिमुद्रणगृह उभे राहिले. प्रक्षेपणाचा अधिकार हाती नसल्याने त्या जवळजवळ दहा वर्षे ध्वनिफिती मुद्रित करून गावोगावच्या संघांच्या बैठकींत ऐकवीत राहिल्या, आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम्‌ रेडिओ’ अधिकृतपणे सुरू झाला तेव्हा स्वयंसेवी संस्थेने चालविलेले ते देशातील पहिले केंद्र ठरले.

श्रोत्यास केवळ श्रोता न ठेवण्याची कल्पनाही महाराष्ट्रास नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापून एक प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करावयाची आणि प्रश्न व शंका लिहून केंद्राकडे धाडावयाच्या, असा तो परिपाठ होता. प्रयोगाचे परीक्षण करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांस असे आढळले, की मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान इतर गावांच्या तुलनेने पुष्कळच वाढले. त्या मंडळांस एकत्र बसविणारी माणसे गावातलीच होती, आणि ती न मिळती तर पुण्याचे उत्तमोत्तम कार्यक्रम हवेतच विरून गेले असते. मराठवाडा त्या पाच जिल्ह्यांत नव्हता. निजामाच्या राजवटीत तेव्हाच्या औरंगाबादेस नभोवाणी केंद्र होते, ते १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादच्या केंद्रासह आकाशवाणीकडे आले, आणि काही वर्षांतच बंद झाले. मराठवाड्याच्या भूमीवरून पुन्हा ध्वनिक्षेपण होण्यास १९६८ साली परभणीचे केंद्र निघेपर्यंत थांबावे लागले. ज्या प्रांताने स्वातंत्र्याचीही तेरा महिने अधिक वाट पाहिली, त्याने आपल्याच आवाजाची वाट इतकी वर्षे पाहावी, याचे दुःख वाटल्यावाचून राहत नाही.

आता पैशाच्या गोष्टीकडे वळू, कारण या कामातील खरी परीक्षा तेथे आहे. सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती सामान्यतः १०० वॉट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटर, एवढीच परवानगी असते. त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरांच्या टापूत पोहोचतो. खासगी प्रायोजकाकडून कार्यक्रम चालविण्यास मनाई आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनी जाहिरातींस तासाला १२ मिनिटांची मुभा दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ७४ रुपये ठरविला. कागदावर हिशेब मांडला तर एका तासाचे ५,३२८ रुपये होतात, आणि हा आकडा पाहून एखाद्यास हुरूपही येईल. परंतु दहा-पंधरा किलोमीटरांच्या टापूत खत-बियाण्यांची दुकाने, एखादी पतपेढी, चार-दोन कापडाची दुकाने यांखेरीज जाहिरात देणारे कोण असणार? आणि सरकारी जाहिरात आली तरी तिची रक्कम हाती पडेपर्यंत वीजबिल थांबत नाही. यंत्रसामग्रीसाठी केंद्र सरकारची साहाय्य योजना आहे, मात्र यंत्र आल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याचा दाणागोटा केंद्रास स्वतःच शोधावा लागतो. बहुतेक केंद्रे मातृसंस्थेच्या पदरावर जगतात, आणि मातृसंस्थेस मिळणाऱ्या मोठ्या देणगीवर त्यांचे श्वास अवलंबून राहतात.

मोठ्या देणगीस माझा विरोध नाही. ती नसती तर यांतील पुष्कळ केंद्रे जन्मासच आली नसती. तरीही एका दात्याच्या इच्छेवर चालणारे केंद्र आणि सहस्र घरांच्या रुपया-दोन रुपयांवर चालणारे केंद्र यांत मोठे अंतर आहे. ज्याने पावती फाडली आहे तो कार्यक्रम नापसंत पडताच दारात येऊन विचारतो, आणि असे विचारणारे असतात तोवर केंद्र वाट चुकत नाही. बोलिव्हियातील कथिलाच्या खाणींतील मजुरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या तुटपुंज्या मजुरीतून कपात करून घेऊन संघटनांची नभोवाणी केंद्रे चालविली, आणि लष्करी राजवटींनी त्यांवर सैन्य धाडले तेव्हा ती वाचविण्यासाठी ते जिवावर उदार झाले. अमेरिकेत बर्कली येथे १९४९ साली श्रोत्यांच्या वर्गणीवर निघालेले ‘केपीएफए’ केंद्र आजही चालू आहे.

आपल्याकडील उदाहरणे तर याहून निकटची आहेत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. ज्या सातारा जिल्ह्यात म्हसवड आहे, त्याच जिल्ह्यात काले येथे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघर दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची रीत घालून दिली, आणि त्या मुठीमुठींवर खेड्यापाड्यांतील मुलांची वसतिगृहे चालली. त्या मुठीत धान्य थोडे होते. पण ती काढून ठेवणाऱ्या माउलीच्या मनात शाळा ‘आपली’ झाली होती, आणि पैशाची खरी किंमत या आपलेपणात होती. सामुदायिक नभोवाणीस आज याच रीतीची गरज आहे, असे माझे निश्चित मत आहे.

वर्गणीइतकेच मोल दिलेल्या वेळाचे. केंद्रातील कामे बाहेरून दिसतात त्याहून अधिक आणि बरीचशी निरस असतात. ध्वनिमुद्रक घेऊन वस्तीवर जाणे, आजीबाईंचे बोलणे तासभर ऐकून त्यातील दहा मिनिटे निवडणे, वीज गेल्यास पुन्हा आरंभापासून बसणे, बाजारभाव विचारून लिहिणे आणि दिवसाकाठी नोंदवही भरणे, ही सारी कामे त्यांत येतात. नियमांप्रमाणे निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झाले पाहिजेत. स्वतंत्र बातम्या देण्यास मनाई असली तरी हवामान, पाणी व वीजपुरवठा, रस्ते, परीक्षांचे निकाल, जत्रा-उत्सव, रोजगार आणि आपत्ती यांविषयीची माहिती देता येते. खेड्यातील माणसास दररोज लागणारी माहिती बहुतेक याच यादीत सामावते, आणि ती रोज वेळेवर मिळविणारा मनुष्य गावातलाच असावा लागतो. अशा माणसांकडून फुकट काम करून घेण्यात काही चालक भूषण मानतात, ते मला मान्य नाही. ज्या बाईची दिवसाची मजुरी बुडते तिला किमान प्रवासखर्च आणि जेवण देणे हा केंद्राच्या जमाखर्चातील पहिला खर्च असला पाहिजे. एरव्ही स्वयंसेवा ही सुस्थितीतील माणसांचीच मिरास होऊन बसेल आणि केराबाईसारखी स्त्री केंद्राच्या दाराशी येणारच नाही.

हे सारे गंगापूरकरांपुढे मांडण्यास कारण आहे. छत्रपती संभाजीनगरात महात्मा गांधी मिशनचे सामुदायिक केंद्र ९०.८ मेगाहर्ट्‌झवर आहे. पण शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर असलेले आपले गाव अशा केंद्राच्या टापूबाहेर पडते. आपल्या तालुक्यास बोलण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणेल? कायगावास गोदावरी आणि प्रवरा यांचा संगम आहे, शेंदूरवाद्यास मध्वमुनीश्वरांची समाधी आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयाने गोदाकाठच्या कितीतरी जमिनी पोटात घेतल्या, आणि ती जुनी गावठाणे डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांची जबानी कोणी लिहून वा मुद्रित करून ठेवली नाही तर ती त्यांच्याबरोबरच जाईल. एका अंगास वाळूजची कारखानदारी, दुसऱ्या अंगास पावसाच्या लहरीवरचा कोरडवाहू कापूस आणि मका, आणि या दोहोंमध्ये रोज ये-जा करणारी तरुण मुले, असा हा तालुका आहे. पाण्याच्या पाळीपासून कामगारांच्या हक्कांपर्यंत ऐकविण्याजोगे विषय येथे पावलोपावली आहेत.

परवान्यासाठी किमान तीन वर्षे नोंदणीकृत असलेली संस्था लागते. शैक्षणिक संस्थेसही अर्ज करता येतो, आणि गंगापुरात महाविद्यालय आहे, ग्रंथालये आहेत, बचतगट आहेत. अर्जाची वाट दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयापर्यंत जाते आणि ती लांब आहे. परंतु पस्तापूरच्या स्त्रियांनी दाखविल्याप्रमाणे परवाना येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. साधा ध्वनिमुद्रक वा चांगल्या प्रतीचा भ्रमणध्वनी घेऊन जलाशयाकाठच्या वृद्धांच्या आठवणी आजच मुद्रित करता येतील, आणि त्या ग्रामसभेत, शाळेत, बचतगटाच्या बैठकीत ऐकविता येतील. म्हणून गंगापूरच्या वाचकांस माझी विनंती आहे, की आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्या पंधरा-वीस व्यक्तींनी येत्या महिन्यात एकत्र बसावे, त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, दरमहा दहा रुपये वर्गणी देणारी पाचशे घरे शोधण्यास आरंभ करावा आणि प्रत्येक घरास न चुकता पावती द्यावी.