क्लचमधली हवा काढताना

गटाच्या पिकअपचं क्लच पेडल मऊ लागतं, गिअर टाकताना खरखरतो? ऑइलवर चालणाऱ्या क्लचच्या नळीत हवा शिरली असेल. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते; म्हणून पायाचा जोर क्लचपर्यंत पोचत नाही.

हवा काढणं दोघींचं काम. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल भरा, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइलने आतलं रबर फुगतं.

गिअरबॉक्सजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावा. दुसरं टोक बाटलीत, थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एकीने पेडल सावकाश ३-४ वेळा दाबून धरायचं. दुसरीने निपल अर्धा आटा सैल करायचा. ऑइल आलं की निपल घट्ट करून मगच ‘सोड’ म्हणायचं. बुडबुडे थांबेपर्यंत असंच करा. बाटलीतलं ऑइल परत वापरू नका.

डबीकडे मात्र लक्ष ठेवा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते. ती रिकामी झाली तर ब्रेकमध्येही हवा शिरू शकते. पेडल पुन्हा मऊ झालं, तर कुठेतरी गळती आहे. मग मेकॅनिकलाच दाखवा.