मोगऱ्याला द्या 'ताण'!

मित्रांनो, साबणाच्या वेष्टनावर किंवा अत्तराच्या बाटलीवर जांभळ्या तुऱ्यांचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. ते लव्हेंडर! आपल्याही अंगणात ते फुलावं, असं कुणालाही वाटेल. पण हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरउतारांवरचं. त्याला पाणी चटकन निचरून जाणारी खडकाळ जमीन लागते आणि हिवाळ्यात चांगली थंडी लागते. म्हणून तर आपल्या देशात त्याची शेती जम्मूकडच्या भदरवाहच्या डोंगरात रुजली. अमरावती-अकोल्याची काळी जमीन मात्र पाणी धरून ठेवते. त्यात पावसाळ्यात लव्हेंडरची मुळं कुजतात. त्यातून वाचलंच, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो!

मग हिरमुसायचं का? मुळीच नाही. आपल्या उन्हात खुशीनं फुलणारा मोगरा आहे की! गंमत म्हणजे, लव्हेंडरच्या वासात 'लिनालूल' नावाचं जे द्रव्य असतं, ते मोगऱ्यातही असतं.

"आमचा मोगरा हिरवागार आहे, पण फूल काही येत नाही," अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. त्याचं कारण बहुधा आपले लाडच असतात! रोज पाणी आणि वारेमाप खत मिळालं की झाड नुसतं पानं वाढवत बसतं.

यावरचा उपाय वरुड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदारांना विचारा. आंबिया बहार धरायचा असला की ते हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. याला म्हणतात 'ताण देणे'. पाणी तुटलं की नवी पालवी थांबते, झाड विसावतं आणि फांद्यांत अन्नाचा साठा होतो. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदतं. मोगऱ्यालाही हीच युक्ती लागू पडते.

आता कामाला लागू या. कुंडीत काळी माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घ्या. तळाला भोक हवंच. रोज निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी कुंडी ठेवा. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्या. पानं मलूल दिसली, तरच घोटभर द्या. ताण म्हणजे उपासमार नव्हे, बरं का! संक्रांत झाली की फांद्या निम्म्यापर्यंत छाटा आणि उरलेली पानं काढून टाका. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून ही छाटणी. मग माती हलकेच उकरून दोन मुठी शेणखत मिसळा आणि पाणी सुरू करा. मार्चमध्ये कळ्या दिसू लागतील. एक बहार सरला, की फांद्यांचे शेंडे खुडा, म्हणजे पुन्हा नवी फूट येईल.

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या भागांतल्या मित्रांनी एक काळजी घ्यावी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. इथलं विहिरी-बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी खारट असतं. ते रोज घातलं, तर पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरा थर जमतो. मग पाणी आणायचं कुठून? उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते! तेव्हा तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं गोडं पाणी मोरीत ओतू नका. एका बादलीत साठवा. एक-दोन कुंड्या त्यावर सहज जगतात.

आणि हो, आमच्या शब्दावर विसंबू नका! सारख्याच दोन कुंड्या घ्या. छाटणी आणि खत दोन्हींना सारखंच द्या, पण ताण एकीलाच. मार्च ते मे रोज कळ्या मोजून वहीत लिहा. कुणी किती फुलं दिली, ते जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात सर्वांना सांगा!