पुस्तक बदलायला

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचं पालघर आणि बोईसर यांच्यामधलं छोटं स्टेशन. इथला नोकरदार एक तर तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातो, नाही तर विरारच्या दिशेची गाडी धरतो. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि गाडीत रोज जाणारा वेळ या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या दिनक्रमाचा भाग झाला. एवढा वेळ हाताशी असलेल्या माणसाला पुस्तक कुठून मिळावं? विकत घेऊन किती घेणार? त्याच्यासाठी सार्वजनिक वाचनालय आहे, आणि ही संस्था आतून कशी चालते हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असायला हवं.

महाराष्ट्रात तिची मुळं खोल आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. उमरोळी २०१४ पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होती, त्या ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झालं. मराठी पुस्तकं एका छताखाली जमवायची, हा त्यामागचा ध्यास. संस्थापकांमध्ये होते विनायक लक्ष्मण भावे, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे. जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडणाऱ्या माणसाने सामान्य वाचकासाठीही कपाटं उभी केली, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर ठेवला होता. महाराष्ट्राने तो ठेवला नाही. इथे गावातल्या लोकांनी संस्था नोंदवायची, ती चालवायची, आणि शासनाने तिला अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान द्यायचं, अशी रचना झाली. राज्यात आज अशी हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत. आपल्याकडे वाचनालयात अनामत आणि मासिक वर्गणी का भरावी लागते, याचं कारणही याच रचनेत आहे. अनुदान पुरत नाही. दिवाबत्ती, बांधणी, ग्रंथपालाचं तुटपुंजं मानधन यांत वर्गणीचाही वाटा असतो. म्हणून थकलेली वर्गणी ही किरकोळ बाब समजू नये.

देवघेवीचं काम वरून साधं दिसतं. नवीन पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो, शिक्के बसतात, शेवटच्या पानावर तारखेची पट्टी चिकटते. वर्गणीदाराने पुस्तक आणून ठेवलं की ग्रंथपाल वहीतलं त्याचं पान काढतात, जुना क्रमांक खोडतात, नवा लिहितात. मोठ्या ठिकाणी हे आता संगणकावर होतं, लहान ठिकाणी अजून वहीच आहे, आणि वही उत्तम चालते. त्या पट्टीवरच्या तारखांची दाटी बघून पुस्तक किती फिरलं हे लगेच कळतं. अनोळखी लेखकाचं पुस्तक उचलताना मी ही पट्टी जरूर बघतो. दाटी असेल तर गावाने ते वाचलंय. पट्टी कोरी असेल तर मात्र पुस्तक वाईटच, असं धरू नये. बऱ्याचदा ते खालच्या फळीवर असतं, एवढंच.

खरी अडचण निवडीत आहे. चार हातांतून गेलं की पुस्तक बांधणीला जातं, आणि परत येतं ते पुठ्ठ्याच्या जाड कव्हरात. मूळ मुखपृष्ठ गेलं, मलपृष्ठावरचा मजकूर गेला, कण्यावर उरला फक्त क्रमांक. वर्गीकरणाचंही तसंच. ड्यूईच्या दशांश पद्धतीत सगळं मराठी साहित्य ८९१.४६ या एका आकड्याखाली येतं. कविता, नाटक, कादंबरी यांना त्यापुढे एकेक अंक. अमेरिकेत १८७६ मध्ये आखलेल्या कोष्टकात आपल्या भाषेच्या वाट्याला एवढीच जागा. त्यामुळे आपल्या बहुतेक वाचनालयांनी कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास, धार्मिक, बाल असे सरळ विभाग केले. वाचकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच ठरलं.

पण विभाग कितीही नीट लावले, तरी वाचक कपाटापर्यंत पोचला पाहिजे. कित्येक ठिकाणी अजून टेबलापलीकडे जाऊ देत नाहीत. यादी बघा, क्रमांक सांगा, पुस्तक आणून देतो. पुस्तकं हरवतात ही भीती खरी आहे, कारण हरवलेल्या प्रतीचा हिशेब ग्रंथपालालाच द्यावा लागतो. तरीही माझं मत ठाम आहे: मुक्त प्रवेश हवा. यादीतून माणूस त्याला आधीच माहीत असलेलं पुस्तक मागतो. न माहीत असलेलं पुस्तक हाती लागायला कपाटासमोर उभं राहून, चार पानं चाळून, दोन पुस्तकं परत ठेवायची मोकळीक लागते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं एक असं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. बंद कपाटात ते कसं घडणार?

या भागातल्या वाचकाला तर स्वतःच्या मुलखाचीच पुस्तकं कपाटात भेटू शकतात. वारल्यांच्या लढ्यावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’, ज्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते तलासरी-डहाणूच्या रानातलं आहे. अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ याच जिल्ह्यातल्या टेकडीवरचं. बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामाची पुढची वाट त्यात दिसते. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या प्रत्येक वाचनालयाने ही दोन पुस्तकं दर्शनी फळीवर ठेवावीत.

दिवाळीनंतरचे दिवस मात्र वेगळेच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आज मुख्यतः वाचनालयांनीच घराघरांत पोचवली आहे. वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. एका कुटुंबाला विकत घेणं अशक्य एवढे अंक या योजनेत वाचून होतात. नवे सभासद करून घ्यायला याहून चांगली वेळ नाही.

आता वाचनालयांच्या संख्येबद्दल आणि वेळांबद्दल. २०१२ मध्ये राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर अनेक वर्षं नव्या मान्यता, वर्गवाढ थांबून राहिली. पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे त्याच काळात. नव्या जिल्ह्याला नव्या वाचनालयांची सर्वाधिक गरज असताना दार बंद होतं. आहेत त्या संस्थांना दिवसभर माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळचे थोडे तास उघडं. तिन्ही पाळ्यांत काम करणारा कामगार आणि रात्रीच्या लोकलने उतरणारा प्रवासी या तासांत बसत नाहीत. २०१८ मध्ये डेक्कन क्वीन आणि पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पासधारकांसाठी फिरतं वाचनालय सुरू झालं होतं. डहाणूच्या गाड्यांत, किंवा निदान स्टेशनजवळच्या एखाद्या पेटीतून, असं काही करणं या भागातल्या संस्थांना जड नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ उशिरापर्यंत उघडं ठेवलं तरी फरक पडेल.

तोवर आपल्या हाती आहे ते करू या. जवळच्या वाचनालयाचे वर्गणीदार व्हा, वर्गणी वेळेवर भरा. हवं ते पुस्तक नसेल तर नुसतं परतू नका. लेखक, प्रकाशक यांच्यासह ते मागणीच्या वहीत लिहा, कारण खरेदीची यादी ठरवताना ती वही पुढ्यात असते. आणि ग्रंथपालांना स्पष्ट विचारा: मला कपाटापाशी जाऊन बघू द्याल का?