लॅपटॉप सकाळी जागा व्हायला इतका वेळ का घेतो?



 एस.टी.च्या पाससाठी बोनाफाईड दाखला हवा असलेल्या मुलामुलींची रांग जुलै महिन्यात महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर लागत असे. २०२४ सालच्या जुलैमध्ये आमच्या महाविद्यालयातही अशी रांग लागत होती. खिडकीमागे बसणाऱ्या लिपिकांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो. ते सकाळी लॅपटॉपचे बटण दाबत आणि मग जवळजवळ सात मिनिटे हात बांधून बसत. लॅपटॉपची बॅटरी निकामी झालेली होती. त्यामुळे पावसात वीज गेली की लॅपटॉप बंद, आणि वीज आली की पुन्हा सात मिनिटे. एखाद्या दिवशी हे चार वेळा होई. बाहेरच्या मुलांना लॅपटॉपचा पडदा दिसत नसे, नुसते बसून राहिलेले भाऊसाहेब दिसत. दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत गावी जाता येत नाही, म्हणून मुलेही चिडत. अखेर एकाने तक्रार लिहून दिली, की कार्यालयातील लिपिक मुद्दाम वेळ काढतात.

भाऊसाहेब ती तक्रार घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही भौतिकशास्त्राचे. हे यंत्र मंद आहे की मी, एवढे एकदा ठरवून द्या."

ठरवायचे म्हणजे मोजायचे. प्रयोगशाळेतून स्टॉपवॉच आणले. लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एकाच वाचनावर विसंबत नाही, तसेच येथेही तीन वेळा लॅपटॉप सुरू करून सरासरी काढली. मात्र "एकूण सात मिनिटे" या आकड्यातून काहीच कळत नाही. म्हणून वेळेचे चार तुकडे केले. बटण दाबल्यापासून बनवणाऱ्याचे बोधचिन्ह जाईपर्यंत ११ सेकंद. तेथून परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत ८४ सेकंद. शब्द दिल्यापासून पडद्यावर चित्रे येईपर्यंत ५५ सेकंद. आणि चित्रे आल्यापासून दाखल्याची फाईल खरोखर उघडेपर्यंत २६० सेकंद! एकूण ४१० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ५० सेकंद.

आता या चार तुकड्यांत आत काय चालते ते पाहू. बटण दाबताच मुख्य पटलावरील एका लहान चिपमध्ये कायमची लिहिलेली आज्ञावली जागी होते. मेमरी, कळफलक, डिस्क जागेवर आहेत ना, हे ती तपासते. तिला एवढेच येते. मग ती डिस्कवरून एक छोटी आज्ञावली उचलते. ही छोटी आज्ञावली विंडोजचा गाभा मेमरीत आणते, गाभा बाकीचे भाग बोलावतो, आणि परवलीचा शब्द दिल्यावर आपले नेहमीचे कार्यक्रम येतात. लहानाने मोठ्याला उठवायचे, त्याने त्याहून मोठ्याला, असा हा प्रकार. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की पहिला तुकडा सोडला तर पुढची सगळी सामग्री डिस्कवरून मेमरीत यावी लागते.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की 'टास्क मॅनेजर' उघडतो. कोण किती काम करीत आहे, हे त्यात आकड्यांनी दिसते. त्या २६० सेकंदांत तेथे काय दिसले? प्रोसेसर १२ टक्के, आणि डिस्क १०० टक्के! म्हणजे ज्याला आपण संगणकाचा मेंदू म्हणतो, तो जवळजवळ रिकामा बसून होता. तो डिस्कची वाट पाहत होता. भाऊसाहेब त्याची, आणि मुले भाऊसाहेबांची.

डिस्क इतकी मंद का? हा लॅपटॉप आठ वर्षांपूर्वीचा. त्यात फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत तबकडी फिरत असते आणि एका दांड्याच्या टोकाला बसवलेले शीर्ष तिच्यावरील खुणा वाचते. जत्रेतील चक्री पाळणा आठवा. तुम्हाला पांढऱ्याच घोड्यावर बसायचे आहे. तो नुकताच समोरून गेला असेल तर पूर्ण फेरी थांबा. समोर येतच असेल तर लगेच बसा. सरासरीने अर्ध्या फेरीइतके थांबावे लागते. लॅपटॉपमधील अशा डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला ११.१ मिलिसेकंद, अर्ध्या फेरीला सुमारे ५.६. शिवाय दांडा योग्य वर्तुळावर सरकवायला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात असे धरू. बेरीज साडेसतराच्या आसपास येते.

साडेसतरा मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मग तक्रार कसली? गणित पुढे न्या. तबकडीवर एका ठिकाणी सलग लिहिलेले असेल, तर शीर्षाला एकदाच जागा शोधावी लागते आणि मग सेकंदाला १०० मेगाबाइटच्या घरात वाचन होते. पण संगणक सुरू होताना हजारो लहान-लहान तुकडे लागतात आणि ते तबकडीभर विखुरलेले असतात. प्रत्येक तुकड्यासाठी नव्याने साडेसतरा मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला फक्त ५७ तुकडे. एक तुकडा ४ किलोबाइटचा धरला, तर सेकंदाला १०० मेगाबाइट वाचू शकणारी डिस्क पाव मेगाबाइटसुद्धा वाचत नाही! दहा हजार तुकडे हवे असतील तर १७५ सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटे. विंडोज अशा तुकड्यांची आधीच आखणी करून थोडा वेळ वाचवते, पण दांड्याची धावपळ पूर्णपणे टळत नाही. दरम्यान प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला दोन अब्ज ठोके देत असते. एका तुकड्याची वाट पाहताना त्याचे साडेतीन कोटी ठोके फुकट जातात.

याला जुना इतिहास आहे. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली रामॅक संगणकाबरोबर पहिली चुंबकीय डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १२०० फेऱ्या घेत आणि सगळ्या मिळून त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. भाऊसाहेबांच्या तळहाताएवढ्या डिस्कवर ५०० गिगाबाइट, म्हणजे साधारण एक लाखपट मजकूर मावत होता. आणि फिरण्याचा वेग? साडेचारपट. मजकूर दाटीने लिहिण्याची कला माणसाने अफाट वाढवली, पण पाळणा फार जोरात फिरवता येईना. वेगाने फिरवायचे तर वीज जास्त लागते, डिस्क तापते, आवाज करते. मोठ्या केंद्रांसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्क बनल्या, पण बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये त्यांना जागा नव्हती.

आता उपायाकडे वळू. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' या भागात, संगणक सुरू होताच आपोआप उठणाऱ्या कार्यक्रमांची यादी असते. भाऊसाहेबांच्या यादीत चौदा नावे निघाली. करोनाच्या काळातील ऑनलाइन बैठकांचे दोन कार्यक्रम, भंगारात गेलेल्या छापयंत्राचा मदतनीस, आणि "तुमचा संगणक वेगवान करतो" म्हणून कोणीतरी उतरवलेला एक. (असे कार्यक्रम घेऊ नका. वेग देण्याचे राहिले बाजूला, रांगेत आणखी एक गिऱ्हाईक वाढते.) दांडा एकच आणि मागणारे चौदा. तो या फाईलकडून त्या फाईलकडे धावत राहतो आणि सगळ्यांनाच उशीर होतो. विषाणूप्रतिबंधक कार्यक्रमाला हात न लावता अनावश्यक नावे एकेक करून बंद केली. एका वेळी एकच बदल आणि लगेच मोजणी. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा, हे कळत नाही.

मोजताना एक फसगत टाळा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाऊन' केल्यावर लॅपटॉप बहुधा पूर्ण झोपत नाही. गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलतो. 'रीस्टार्ट' केले तर मात्र सगळे पहिल्यापासून होते. तेव्हा तुलना करायची तर प्रत्येक वेळी रीस्टार्टच करावे. आणि वीज अचानक गेली, तर ती अवस्था लिहायला वेळच मिळत नाही. वीज गेल्यानंतरची सुरुवात भाऊसाहेबांना जास्त जड जाई, ती यामुळे.

चौथा तुकडा २६० वरून ११० सेकंदांवर आला. तरीही त्यात चाळीस सेकंद असे होते, की प्रोसेसरही शांत आणि डिस्कही शांत! कोणीच काम करीत नाही आणि तरी उशीर होतो, याचा अर्थ काय? लॅपटॉप बाहेरच्या कोणाची तरी वाट पाहत असला पाहिजे. शोधता सापडले. ग्रंथालयातील एका संगणकावरील फोल्डर कधीकाळी या लॅपटॉपला जोडून दिले होते. तो संगणक केव्हाच मोडीत निघाला, पण लॅपटॉप रोज सकाळी त्याला हाक मारून उत्तराची वाट पाहत होता. कार्यालयांतील लॅपटॉपवर हे फार आढळते. ती जोडणी काढली आणि हा तुकडा ७० सेकंदांवर आला. एकूण वेळ ३ मिनिटे ४० सेकंद.

मी खूश होतो. चौथ्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, "सर, आतून टक्‌-टक्‌ आवाज येतो."

येथे माझी चूक सांगितली पाहिजे. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. ती दाखवणारे कार्यक्रम फुकट मिळतात. ती नोंद मी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती. पाहिली तेव्हा कळले, की तबकडीवरील कितीतरी जागा खराब झाल्या होत्या. खराब जागा एका वाचनात उमटत नाही. डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि अशा एका जागेपायी कधी कधी काही सेकंद जातात. म्हणजे मंदपणा हे नुसते ओझे नव्हते, ते आजाराचे लक्षणही होते. आणि त्या डिस्कवर आठ वर्षांचे प्रवेश, शुल्क आणि दाखले यांची नोंद होती, ज्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. मी मात्र मोजणीच्या नादात ती डिस्क दिवसातून वीस-वीस वेळा चालू-बंद करीत होतो!

सगळे थांबवून त्या दुपारी प्रत काढायला घेतली. रात्री आठ वाजले. भाऊसाहेब घरी गेले नाहीत. दोन फाईली शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत. त्यांतील नोंदी कागदी नोंदवहीवरून पुन्हा भराव्या लागल्या. तुम्ही कोणाचा मंद लॅपटॉप पाहायला बसलात, तर आधी मालकाची परवानगी घ्या, मग महत्त्वाच्या फाईलींची प्रत काढा आणि त्यानंतरच स्टॉपवॉच हातात घ्या.

नव्या लॅपटॉपला पैसे नव्हते, पण जुन्या डिस्कच्या जागी एस.एस.डी. बसवण्याइतके मिळाले. एस.एस.डी.मध्ये फिरणारे काहीच नसते. विद्युतरोधक थराने वेढलेल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात आणि वीज गेली तरी ते तेथेच राहतात. या जातीची, म्हणजे फ्लॅश, मेमरी तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. कोणता कप्पा हवा ते तारांमधून थेट सांगता येते. घोडा समोर येण्याची वाट पाहावी लागत नाही. एक तुकडा मिळायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ पुरतो. १७.५ भागिले ०.१, हे गणित तुम्हीच करा.

लॅपटॉप तोच, प्रोसेसर तोच, मेमरीही तीच ४ गिगाबाइट. पुन्हा तीन वाचने घेतली. दुसरा तुकडा १४ सेकंद, तिसरा ८, चौथा १२. पहिला मात्र पूर्वीसारखाच ११ सेकंद! तो डिस्कवर अवलंबूनच नव्हता. एकूण ४५ सेकंद.

आकड्यांचा कागद भाऊसाहेबांनी तक्रारीला जोडून प्राचार्यांकडे पाठवला. जुनी डिस्क आम्ही प्रयोगशाळेत उघडली. तुम्हालाही एखादी निकामी डिस्क मिळाली, तर शिक्षकांसमोर उघडून पाहा. तिचे स्क्रू सहा टोकांच्या ताऱ्याच्या खाचेचे असतात. दांड्याच्या मागचे दोन चुंबक इतके जोरदार असतात, की त्यांच्यामध्ये बोट चिमटू शकते. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकडी पुष्कळदा काचेची असते, तेव्हा ती वाकवू नका. आमची तबकडी आरशासारखी लखलखीत होती. खराब जागा नुसत्या डोळ्यांना कोठेच दिसल्या नाहीत.