इस्त्रीचं कव्हर

सकाळी 9. शटर वर करते तोवर बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याकडच्या रिक्षांची कलकल सुरू झालेली असते. मशीनला तेल, बॉबिन भरणं, झाडलोट. मागच्या गल्लीतल्या एक ताई काल इस्त्री ठेवून गेल्यात. मुलगी जळगावला होस्टेलवर निघालीय, तिच्यासाठी हातात धरून नेता येईल असं कव्हर हवंय. ब्लाउजांचा गठ्ठा बाजूला सारला.

10 वाजता माप. तळाभोवती फीत फिरवली, 25 इंच. चहूबाजूंनी अर्धा इंच सैल सोडला की घेर 28च्या पुढे जातो. शिकायला येणाऱ्या मुली इथेच फसतात; अर्धा इंच सैल म्हणजे घेरही इंचभरच वाढेल, असा त्यांचा हिशोब असतो. मुठीसकट उंची साडेपाच, म्हणून बाजूची पट्टी सहाची. इस्त्री कागदावर आडवी ठेवून पेन्सिलीनं तळ उतरवला.

11 ते 1 कापड निवडण्यात गेले, आणि खरं काम तेच. ताईंना आतून स्पंज हवा होता. मी नाही म्हटलं. सुती कपड्याच्या खुणेवर इस्त्रीचा तळ 200 अंशांच्या आसपास तापतो. होस्टेलची पोर घाईत असते, ती इस्त्री पुरती निवायची वाट थोडीच बघणार! स्पंज आणि पॉलिस्टर अशा वेळी तळाला चिकटून बसतात.

दुसरा प्रश्न बकरमाचा. बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग बकरम आणि मार्किनसाठीच ओळखले जातात. सतराव्या शतकात तावर्निये हा फ्रेंच व्यापारी इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तानपर्यंत जाताना पाहून गेला. आता शर्टाच्या कॉलरमध्ये दडून बसणारं, कुणाच्या नजरेला न पडणारं कापड आम्ही विणतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही, कॉलर उभी राहते ती त्याच्याच जिवावर. पण चिकटवायचा बकरम इथे चालत नाही. त्याचा गोंद इस्त्रीनंच वितळवून बसवतात, मग इस्त्रीच्याच घरात तो कसा टिकेल? साधा खळीचा, शिवून बसवायचा बकरम घेतला. बाहेरून कॅनव्हास, मग बकरम, मग जुन्या सुती चादरीचे दोन थर, आणि इस्त्रीला टेकणारं मार्किन, म्हणजे कोरं सुती कापड, आधी धुऊन आटवलेलं.

जेवण. दीडला लाइट गेली. माझी मशीन पायाची, तिला काय फरक पडतो? फक्त पंख्याविना घाम कापडावर पडू नये म्हणून गळ्यात रुमाल.

2 वाजता 18 नंबरची सुई घातली, टाका मोठा केला. आधी निवार. मूठ नुसती झाकणावर टाचली तर चार फेऱ्यांत टाके उसवतात. म्हणून निवारीची पट्टी एका बाजूनं तळाखालून दुसऱ्या बाजूला नेली, वर मुठीपुरती मोकळी सोडली. वजन सगळं पट्टीवर येतं. जिथे ताण, तिथे चौकोन आणि चौकोनात फुली, दोनदा.

साडेतीनपासून चेन आणि झाकण. त्यात विशेष काही नाही. अवघड ती पुढची चोच. पट्टी तिथे वळता वळत नाही, चुण्या पडतात. शिलाईच्या अलीकडे दोन सूत सोडून पट्टीच्या काठाला जवळजवळ काप दिले, चोचीवर सुई कापडात रुतवूनच मशीनचा पाय उचलला आणि कापड फिरवलं. पाच थरांवर मशीन कुरकुरते. तिथे पाय मारायचा नाही, चाक हातानं फिरवायचं. उलट्या बाजूनं शिवणीवर सुती गोट चढवला, नाहीतर मार्किनचे धागे सुटत राहतात.

वायरसाठी बाहेरून वेगळा खिसा. गरम इस्त्रीभोवती वायर आवळली की तिचं रबर तडकतं.

साडेपाचला ताई आल्या. इस्त्री आत, चेन बंद, हातात धरून दोन-तीनदा हिसडा दिला. चोच नीट बसली. "स्टीमची आहे, पाणी काढूनच ठेवायला सांगा तिला," मी म्हटलं. त्यांचं लक्ष भावाकडे. "इतके पैसे? एवढ्यात तर तयार बॅग येते!" मी चेन उघडून आतले थर दाखवले. वीस रुपये कमी करून दिले, आणि त्यांनी जाता जाता विचारलं, मिक्सरचं असंच करून मिळेल का. भांड्यांना वेगवेगळे खण लागतील, म्हटलं, उद्या भांडी घेऊन या.