मधुचंद्राची जलयात्रा आणि वधूचें नांव

लग्नानंतर लागलीच आगबोटीनें परदेशीं मधुचंद्रास जावें, असे बेत हल्लीं आपल्या कुटुंबांतहि होऊं लागले आहेत. आमचें पहिलें सांगणें तिकिटावरील नांवाविषयीं आहे. तें नांव पासपोर्टांतील नांवाशीं अक्षरन्‌अक्षर जुळावें लागतें. आणि तिकीट तर कित्येक महिने आधीं, वधू माहेरचें नांव लावीत असतांनाच, काढावयाचें असतें. तेव्हां तांदळांत लिहावयाचें नवें नांव सासरच्या मंडळींनीं उत्साहानें तिकिटावर घालूं नये. लग्नानें पासपोर्ट आपोआप बदलत नाहीं. नांव बदललेंच पाहिजे असा कायदाहि नाहीं. (तें बदलावें कीं नाहीं, हें मुलीला कोणी विचारलें आहे काय?) व्हिसा जुन्या नांवानें मिळाला असल्यास परत येईपर्यंत पासपोर्टास हात लावूं नये.

मुंबईहून निघणारांनीं जून ते सप्टेंबर टाळावा. १७ जुलै १९४७ रोजीं 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली. आजच्या प्रचंड बोटींस तसें भय नसलें, तरी पावसाळी समुद्रांत पोट ढवळतेंच. याकरितां खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागीं मागावी; तेथें हेलकावे कमी लागतात. शाकाहाराचें मात्र तिकीट काढतांनाच लेखी कळवावें.