दिल्ली पाहायची, पण दमाने

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमचे एक निवृत्त गुरुजी पत्नीसह दवाखान्यात आले. गुरुजींचे वय अडुसष्ट, बारा वर्षांपासून मधुमेह. काकूंना रक्तदाब आणि गुडघेदुखी. त्या दिवशी तक्रार कसलीच नव्हती. गुरुजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलाने दिल्लीची तिकिटे काढलीत. जाऊ का?"

कागदावर नातवाने सुबक अक्षरात कार्यक्रम लिहिला होता. तीन दिवस आणि सतरा ठिकाणे! त्यातच एक दिवस आग्रा. पहाटे पाचला उठायचे आणि रात्री दहाला मुक्कामी यायचे.

गुरुजी म्हणाले, "तीस वर्षे पोरांना लाल किल्ला शिकवला, चौथीला महाराजांची आग्र्याहून सुटका शिकवली. पण दोन्ही ठिकाणे डोळ्यांनी पाहिली नाहीत."

अशा माणसाला "या वयात कशाला जाता?" असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मी म्हणालो, "गुरुजी, जरूर जा. पण हा कागद माझ्याकडे ठेवा." आणि लाल पेन काढून अर्ध्याहून अधिक ठिकाणे खोडली. काकू खूश झाल्या, नातू मात्र रुसला. त्या लाल पेनामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे, तो आधी सांगतो.

माझीच चूक

वर्ष 2007. दवाखाना नुकताच जम धरू लागला होता. आई-अण्णांना मी हौसेने दिल्लीला नेले. अण्णांना मधुमेह होता आणि जेवणाआधी घ्यायची गोळी चालू होती. लाल किल्ल्याला जायच्या दिवशी सकाळी गोळी घेतली, पण न्याहारी म्हणजे घाईत दोन बिस्किटे आणि चहा. मग रांग, तपासणी, लाहोरी दरवाजातून आत गेल्यावर छत्ता बाजार, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास. तो किल्ला बाहेरून दिसतो त्यापेक्षा चालायला फार मोठा आहे. दोन वाजून गेले तरी जेवणाचा पत्ता नव्हता.

अण्णा चिडचिड करू लागले. "मला नाही पाहायचे काही, मला घरी जायचेय," असे लहान मुलासारखे म्हणू लागले. मी वैतागून म्हणालो, "अण्णा, एवढ्या लांब आलोय, थोडे तरी सहन करा." दहा मिनिटांत त्यांचा सदरा घामाने भिजला, हात थरथरू लागले, मला ते भलत्याच नावाने हाक मारू लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रक्तातली साखर उतरली होती! बाहेर एक शिकंजीवाला होता. त्याने माझा चेहरा पाहून पैसे न घेता ग्लासात मूठभर साखर ढवळून दिली. पंधरा-वीस मिनिटांत अण्णा माणसात आले.

एमबीबीएस झालेला मुलगा हाताच्या अंतरावर उभा होता, आणि त्याला वडिलांचा आजार हट्ट वाटला. पुढे अण्णा हा प्रसंग सगळ्यांना हसत सांगत, पण मला त्यात कधी हसू आले नाही. म्हणून आज हा लेख.

कधी जावे?

दिल्लीची हवा आपल्यासारखी नाही. तिथे प्रत्येक ऋतू टोकाचा. मे-जूनमध्ये पारा कित्येकदा 45 अंशांपर्यंत जातो आणि गरम वारे वाहतात, त्याला तिकडे लू म्हणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे डास. दिवाळीच्या सुमारास हवेत धूर कोंडतो तो जानेवारीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार-पाच अंशांची थंडी, दाट धुके, आणि गाड्या तासन्‌तास उशिरा.

वृद्ध आणि मुले बरोबर असतील तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. राष्ट्रपती भवनाची बागही साधारण त्याच दिवसांत लोकांसाठी खुली असते. परीक्षांमुळे हा काळ जमत नसेल तर निदान मे महिना टाळावा. हिवाळ्यातच जाणे भाग असेल तर लोकरी टोपी, पायमोजे आणि छाती झाकणारे स्वेटर घ्यावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. थंडी वाजते म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

दमेकऱ्यांसाठी

दमा किंवा जुनाट खोकला असणाऱ्यांनी ऑक्टोबरअखेर ते जानेवारी दिल्लीस न जाणे उत्तम. हवेच्या प्रदूषणाचा आकडा आता रोज जाहीर होतो. तो 200 च्या वर गेला की हवा वाईट, 300 च्या वर अतिवाईट आणि 400 च्या वर गंभीर समजतात. आकडा 300 च्या पुढे असेल तर दमेकऱ्याने त्या दिवशी मुक्कामीच थांबावे. थंडीच्या दिवसांत पहाटे व रात्री धूर जमिनीलगत साचतो, म्हणून फिरणे साधारण अकरा ते चार या वेळेत ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल या बारीक कणांना अडवत नाही, एन-95 मास्कच लागतो. श्वासातून घ्यायचे औषध, म्हणजे पंप, बॅगेत नव्हे तर खिशात असावा.

रेल्वेचा प्रवास

आपल्याकडून भुसावळमार्गे गाडीने जायचे म्हणजे सतरा-अठरा तास तरी धरावेतच. वृद्धांसाठी खालचा बर्थ आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावा. गाडीत दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे. सतत पाय लोंबते ठेवून बसल्याने ते सुजतात, क्वचित शिरांत रक्ताची गुठळीही होते. प्रवासात कोणाची प्रकृती बिघडली तर 139 या रेल्वेच्या क्रमांकावर कळवावे किंवा तिकीट तपासनिसाला सांगावे.

बऱ्याच स्त्रिया गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांच्या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत. सहलीहून परतलेल्या किती तरी भगिनी लघवीची जळजळ आणि थंडी-ताप घेऊन माझ्याकडे येतात. त्याचे कारण बहुधा हेच असते. पाणी प्यावे आणि लघवी तुंबवू नये. संग्रहालयात किंवा किल्ल्यात शिरण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

औषधांची पिशवी

नेहमीची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस जास्तीची घ्यावीत. ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी आणि तिचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्येही असावा. परगावी त्याच कंपनीची गोळी मिळेलच असे नाही, म्हणून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. इन्सुलिन थर्मासमध्ये न्यावे, पण बर्फाला चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर ते मुळीच सोडू नये.

याशिवाय तापाची गोळी, जलसंजीवनीची पाकिटे, मलमपट्टी आणि खडीसाखर किंवा ग्लुकोज एवढे पुरे. रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये.

मधुमेहींनो, इकडे लक्ष द्या

सहलीत दोन गोष्टी मधुमेही माणसाला दगा देतात. पहिली अण्णांच्या बाबतीत घडली तीच. गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर, जेवण उशिरा आणि चालणे रोजच्या तिप्पट. अचानक घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे, यांतले काहीही दिसले तर वाद न घालता लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर पोटभर खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. दिल्लीत सरबतवाले पावलोपावली भेटतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. साखरेची पुडी आपल्या खिशात हवी.

दुसरी गोष्ट पायांची. जामा मशीद, बंगला साहिब गुरुद्वारा, कमळ मंदिर अशा ठिकाणी पादत्राणे काढावी लागतात. दुपारी तिथली फरशी तव्यासारखी तापते. जुन्या मधुमेहात तळपायांची जाणीव बोथट झालेली असते, त्यामुळे चटका बसल्याचे कळतच नाही. माझ्या एका रुग्णाला अशाच एका सहलीत तळपायाला फोड आले. ते कळले चार दिवसांनी, घरी पाय धुताना. जखम चिघळली आणि शेवटी अंगठा काढावा लागला. म्हणून अशी ठिकाणे सकाळी किंवा संध्याकाळी पाहावीत. नवे बूट घालून सहलीला निघू नये, आधी महिनाभर वापरलेलेच घालावेत. रोज रात्री दोन्ही तळपाय घरच्या माणसाकडून तपासून घ्यावेत.

खाणेपिणे

चाँदनी चौकात जाऊन पराठे, जिलबी, चाट खाऊ नका असे मी म्हणणार नाही. फक्त समोर तळलेले, गरम असेल ते खावे. कापून ठेवलेली फळे, उघडी चटणी, बर्फाचा गोळा आणि उसाचा रस टाळावा. पाणी सीलबंद बाटलीचे किंवा उकळलेले. जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात जलसंजीवनीचे एक मोठे पाकीट घोळून घोटघोट द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, चहाच्या चमच्याने मोजून. शौचावाटे रक्त, मोठा ताप, किंवा मूल लघवी करेनासे होणे ही धोक्याची खूण समजून डॉक्टर गाठावा. जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये, मुलांना तर नाहीच.

दिवसाला दोनच ठिकाणे

आता गुरुजींच्या कागदाकडे वळू. मी घालून दिलेला नियम साधा होता. सकाळी एक ठिकाण, दुपारी जेवण आणि दोन तास पाठ टेकणे, संध्याकाळी एक ठिकाण.

पोहोचल्या दिवशी फक्त संध्याकाळी इंडिया गेट आणि त्याला लागूनच असलेले राष्ट्रीय युद्ध स्मारक. दुसऱ्या दिवशी सकाळी लाल किल्ला, संध्याकाळी राजघाट. तिसऱ्या दिवशी सकाळी कुतुबमिनार, संध्याकाळी हुमायूनची कबर. कुतुबमिनाराच्या जिन्यावर 1981 साली चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे, त्यात शाळकरी मुलांचे, बळी गेले. तेव्हापासून तो जिना बंदच आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना तिथे चढण्याचा प्रश्न येत नाही. जाण्यायेण्याला मेट्रो चांगली, स्थानकांत लिफ्ट असते. सकाळ-संध्याकाळची कचेरीची गर्दी तेवढी टाळावी.

वारही पाहून ठेवावेत. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम आणि कमळ मंदिर सोमवारी बंद, तर ताजमहाल शुक्रवारी. बंद दारावरून परत फिरण्यात वृद्धांची निम्मी शक्ती जाते. आणि आग्रा एका दिवसात करून दिल्लीला परत येणे म्हणजे चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास. आपल्या बहुतेक गाड्या आग्र्यावरूनच जातात. मग परतीच्या वाटेवर तिथे एक रात्र उतरावे हे सोपे नाही का?

मुलांच्या खिशात आई-वडिलांचे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. आजी-आजोबांच्याही खिशात असावी, त्यात आजार आणि औषधांची नावेही लिहावीत.

वेळ आलीच तर

छातीत दाब, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, उन्हात अंग तापून बरळणे, यांत घरगुती उपायांत वेळ दवडू नये. 112 क्रमांकावर मदत मिळते. लाल किल्ला-राजघाट भागातून लोकनायक रुग्णालय जवळ, कॅनॉट प्लेसच्या बाजूला राम मनोहर लोहिया, आणि कुतुबमिनाराच्या वाटेवर एम्स व सफदरजंग समोरासमोर. उन्हाने बरळणाऱ्या माणसाला गाडी येईपर्यंत सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा.

गुरुजी फेब्रुवारीअखेर जाऊन आले. सतरापैकी सात ठिकाणे झाली. आग्र्याच्या किल्ल्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे गुरुजींनी नातवाला अर्धा तास उभ्याउभ्या 1666 ची सगळी हकीकत सांगितली म्हणे. काकू म्हणाल्या, "आमचे जेवण राहिले होते, पण तुमची साखरेची पुडी होती खिशात." मी गुरुजींचे तळपाय तपासले. एकही फोड नव्हता.

जाताना नातवाने तो जुना कागद परत मागितला. खोडलेली दहा ठिकाणे त्याला पुढच्या खेपेसाठी हवी होती. मी कागद दिला आणि त्यावर लाल पेनाने एवढेच लिहिले : आजोबांची न्याहारी आधी.